उसन्या कानांची तपासणी

माझ्या दोन्ही कानांत आता मशीन आहे. ते सगळ्यांना दिसतं, आणि इथल्या मराठी मंडळातले लोक त्यावरून माझी थट्टाही करतात. पण ते बसवण्याआधीची पाच-सहा वर्षं मला बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकूच येत नव्हते, आणि त्यातली पहिली दोनेक वर्षं माझी नोकरी मुळी ऐकण्याची होती, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या डॉक्टरांनी कान तपासले त्यांनाही नाही. त्यांनी विचारलं होतं, "काम काय करत होता?" मी म्हटलं, कारखान्यात सुपरवायझर होतो.

मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या त्या स्प्रिंगांवर काहीतरी हलकंफुलकं लिहा" असं सांगितलं होतं. तसं थोडं लिहितो. पुढचं छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

सांवेर रोडवर आमचा लहानसा कारखाना होता. तिथे स्प्रिंगा बनायच्या, पण पोलादाच्या नाही, कार्बनच्या धाग्याच्या. नातेवाइकांना हे सांगितलं की ते म्हणत, "म्हणजे सोफ्याच्या का?" सोफ्याच्या नाही. लहानपणी चावीचं खेळणं सगळ्यांनीच फिरवलेलं असतं. आपण चावी भरतो, म्हणजे आपल्या बोटांची मेहनत आतल्या पट्टीत जाऊन बसते. चावी सोडली की तीच मेहनत बाहेर येऊन माकड टाळ्या वाजवतं. आमचं काम हेच, फक्त माकडाऐवजी डिझेल इंजिन. खाणीवर, नावेवर, शेतात दूर कुठे पंप असेल आणि बॅटरी मेलेली असेल, तर एका डब्याचं हँडल मिनिटभर फिरवायचं. आत चार बोटं रुंदीची पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी आवळत जाते. मग खटका दाबला की ती सगळी मेहनत एका क्षणात सुटते आणि इंजिन धडधडायला लागतं. पोलादाची स्प्रिंग घालून केलेला असा डबा उचलायला दोन माणसं लागत. आमचा एक माणूस खांद्याला लावून शेतात घेऊन जाई.

बड़ा गणपतीजवळचे एक दुकानदार काका एकदा स्कूटर घेऊनच कारखान्यात आले. "भिया, एक बड़ी-सी बना दो. सुबह छत पे बैठ के भर लूँगा, दिनभर गाड़ी चलेगी."

मी म्हटलं, "अंकलजी, बड़े गणपति से राजवाड़ा भी नहीं पहुँचोगे."

"तो फिर काहे की एडवांस टेक्नोलॉजी?"

त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला. स्प्रिंगमध्ये दम नसतो, दणका असतो. दिवसभर चालायचं असेल तर बॅटरी घ्या; एका झटक्यात काहीतरी हलवायचं असेल तर आमच्याकडे या. काकांना ते पटलं नाही. जाताना म्हणाले, "आप लोगों में मेहनत की कमी है."

दुसरे एक गृहस्थ अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांकीसाठी, म्हणजे चालत्या देखाव्यासाठी, आले होते. त्यांना हनुमान उडवायचा होता. मला नको वाटत होतं, पण आमच्या मालकांनी, शेठजींनी, हो म्हटलं. पहिल्याच चाचणीत हनुमान उडाला तो थेट शेडच्या पत्र्यात जाऊन अडकला, गदेसकट. तेव्हा आमचा कारागीर कैलाश वर बघत म्हणाला, "लंका तो पार हो गई भिया, अब वापस कौन लाएगा?"

या कैलाशबद्दलच मला लिहायचं आहे.

कैलाश जवळच्या बेटमा गावचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. आमच्याकडे तो थर लावायचा. कार्बनच्या धाग्याचं कापड रेझिनमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या चिकट द्रवात, भिजवून साच्यावर एकावर एक बसवायचं, रोलरने दाबत हवा काढायची, मग साचा भट्टीत. चिरोट्याचे पदर लावण्यासारखं काम, फक्त इथे पदर सुटता कामा नयेत. पुण्याहून आलेले इंजिनीअर गणित करून द्यायचे, पण स्प्रिंग चांगली होणार की नाही ते कैलाशच्या बोटांवर असे. त्याच्या अंगठ्याला कापडातली कोरडी जागा कळायची. तरी माणसाचा हात आहे. केव्हातरी एखाद्या थराचा कोपरा कोरडा राहतोच. त्यासाठीच तपासणी असते, आणि तपासणी माझ्याकडे होती.

तपासणीची पद्धत ऐकून लोक हसतात. एवढी आधुनिक वस्तू, आणि तपासायची रुपयाच्या जुन्या नाण्याने. पट्टीवर बोटभर अंतराने नाणं हलकेच आपटत जायचं. आतले थर नीट चिकटलेले असतील तर टणक, स्वच्छ आवाज येतो. आत कुठे कोरडं असेल, थर सुटलेला असेल, तर तिथे आवाज बसतो. उन्हाळ्यात माठ घेताना बायका बोटाने वाजवून बघतात, तेच. पोलादाला तडा गेला तर तो भिंगातून दिसतो. या पट्टीत वरून काही दिसत नाही. ती काळी, गुळगुळीत, देखणी असते आणि आतून सुटलेली असू शकते. म्हणून रोज अकरा वाजता कॉम्प्रेसर बंद व्हायचा, सगळे गप्प बसायचे, आणि वीस मिनिटं अख्ख्या शेडमध्ये फक्त माझं नाणं वाजायचं. शेठजीसुद्धा तेव्हा फोन घ्यायला बाहेर जात. मी साधा डिप्लोमावाला. त्या वीस मिनिटांमुळे मला लोक साहेब म्हणायचे. ते मला आवडत होतं, हे आता लपवून काय करू?

आमच्याकडे आणखी एक रिवाज होता. कोणी घातला ते माहीत नाही. ज्याने स्प्रिंग बनवली, त्यानेच ती पहिल्यांदा भरायची. डब्यात बसवून झाली की हँडलला पहिला हात त्याचा. दुसऱ्याला पुढे करायचं नाही. कैलाशने बनवलेल्या प्रत्येक स्प्रिंगला पहिला हात कैलाशचा असे, आणि हँडल धरण्याआधी तो दर वेळी मला विचारी, "ठोक-बजा हो गया?" मी हो म्हटलं की तो फिरवायला लागे.

कानाचं मला घरी कळलं. अन्नपूर्णा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी पेपर वाचत बसलो होतो. हिने स्वयंपाकघरातून सांगितलं, "अहो, ते घड्याळ बंद करा ना, कधीचं बोंबलतंय." घड्याळ माझ्या मनगटावरच होतं. मी ते कानाला लावलं. काही नाही. आकडे तेवढे उघडमीट करत होते. मी बटण दाबलं आणि म्हटलं, "लक्षच नव्हतं." हिचं बोलणं मला नीट ऐकू येत होतं, ट्रकचा हॉर्न येत होता, आरती येत होती. फक्त वरचं, बारीक, धारदार काही येत नव्हतं. आणि चांगल्या पट्टीचा आवाज नेमका तिथेच असतो. दुसऱ्या दिवशी नाणं वाजवलं तर मला सगळ्याच पट्ट्या थोड्या बसलेल्या वाटायला लागल्या. चांगली आणि वाईट यांतलं अंतर राहिलं नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? शेठजींनी मला स्टोअरमध्ये बसवलं असतं आणि तपासायचं मशीन जरा लवकर आणलं असतं. एवढंच. पण मला वाटलं, स्टोअरमधल्या माणसाला कोण साहेब म्हणतं.

मी एक युक्ती केली. कैलाशला म्हटलं, "अकरा वाजता माझ्या टेबलाशी येऊन चहा पीत जा." तो पहिल्यांदा संकोचला. "वो टेम तो सब चुप रहते हैं, भिया."

"चाय पीने में कौन-सी आवाज होती है? बैठ."

तो बसायला लागला. मी नाणं वाजवायचो आणि त्याच्या तोंडाकडे बघायचो. स्वच्छ आवाजाला त्याचा चेहरा जसाच्या तसा राहायचा. बसलेल्या आवाजाला त्याची डावी भुवई किंचित हलायची, कप ओठांशी थांबायचा. त्याला स्वतःला हे कळत नव्हतं. मी त्या जागेवर परत एकदा नाणं आपटायचो, खडूने गोल करायचो आणि म्हणायचो, "हे बघ, इथे कोरडं राहिलं." तो म्हणायचा, "मान गए भिया, क्या कान हैं." नियम असा होता की बनवणाऱ्याने आपल्याच मालाच्या तपासणीला बसायचं नाही. मी तो रोज मोडत होतो, आणि लोकांना वाटत होतं की साहेब कारागिराला चहा पाजतात, मोठ्या मनाचा माणूस आहे. कैलाशलाही तसंच वाटत होतं. त्याने घरी सांगितलं होतं म्हणे की, दफ्तर में एक ही आदमी है जो बराबर बैठाता है.

दोनेक वर्षं हे चाललं. वाईट पट्टी एकही सुटली नाही. मला जवळजवळ विसर पडला होता की कान माझे नाहीत.

मग एक दिवस कैलाश मुलीच्या शाळेच्या कामासाठी बेटम्याला थांबला. त्याने आदल्या दिवशी भट्टीत टाकलेल्या सहा पट्ट्या टेबलावर होत्या. माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. अकरा वाजले, कॉम्प्रेसर बंद झाला, सगळे गप्प झाले. पट्ट्या दुसऱ्या दिवसावर टाकता आल्या असत्या. डोकं दुखतंय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सगळी शेड माझ्याकडे बघत होती. मी नाणं घेतलं. चौथ्या पट्टीवर एका जागी अंगठ्याला काहीतरी वेगळं लागलं. आवाज नव्हे, थरथर कमी वाटली. मी तीन वेळा तिथेच नाणं आपटलं आणि सवयीने मान वर केली. समोरची खुर्ची रिकामी होती. मी रजिस्टरमध्ये सहाही पट्ट्यांपुढे 'ठीक' लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलाश आला. पट्ट्या डब्यांत बसवून झाल्या होत्या. त्याने हँडल धरलं आणि विचारलं, "ठोक-बजा हो गया?"

मी म्हटलं, "हो गया."

चौथा डबा भरत आला असताना आत थर सुटला. आधी एक दबका दणका झाला, त्या धक्क्याने हँडल उलटं फिरू न देणारी अडकण तुटली आणि स्प्रिंगमध्ये जेवढी ताकद भरली होती तेवढी हँडलवाटे उलटी फिरली. कैलाश खाली बसला आणि उजवा हात डाव्या हातात धरून बघत राहिला. मनगट मोडलं होतं, अंगठ्याच्या नसा तुटल्या होत्या. हात पुढे जोडला गेला, पण अंगठा वाकला नाही. ज्या अंगठ्याला कोरडी जागा कळायची, तोच.

चौकशी शेठजींच्या केबिनमध्ये झाली. तुटलेली पट्टी टेबलावर होती. मधला एक थर तळहाताएवढा कोरडा होता, वरचे थर मात्र चांगले ओले, नीट दाबलेले. शेठजी सुताच्या धंद्यातले, त्यांना यातलं फारसं कळत नव्हतं. ते पट्टी उलटसुलट करत म्हणाले, "कैलाश, सूखा रह गया तो रह गया. पर तूने ऊपर से रेझिन मार के ढक दिया, ये गलत बात है. जाँच में कैसे पकड़ में आता?"

कैलाशचा हात गळ्यात बांधलेला होता. तो म्हणाला, "ढका नहीं सेठजी. और ढका होता तो भी सिक्का बोलता. ऊपर कितना भी मारो, आवाज में नी छुपता." मग माझ्याकडे वळला. "भिया, तुम बताओ ना इनको."

तो म्हणत होता ते खरं होतं. आत कोरडं असेल तर वरून काहीही केलं तरी नाण्याला कळतं. त्या खोलीत हे पक्कं माहीत असलेली माणसं दोनच होती.

मी म्हटलं, "हर बार नहीं बोलता."

चार शब्द. शेठजींनी मान डोलावली, जसं काही त्यांना तेच ऐकायचं होतं. कागदावर लिहिलं गेलं की थर लावताना राहिलेला दोष कारागिराने झाकला, त्यामुळे तो तपासणीत सापडू शकला नाही. खाली माझी सही आहे. कैलाशने माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. रागाने नव्हे. मला वाटतं, त्याला खरंच प्रश्न पडला होता की आपल्याला जे माहीत आहे ते चूक तर नाही.

दवाखान्याचा खर्च कारखान्याने केला. त्यात शेठजींनी हात आखडला नाही. पण कैलाशला परत घेतलं नाही. आठवड्याभरात मी पाठीचं कारण सांगून तपासणी सोडली. काही महिन्यांनी आवाजाच्या लहरींनी तपासणारं मशीन आलं, ते कोणालाही वापरता येतं. मी खरेदीच्या टेबलावर बसलो. तिथेही लोक साहेबच म्हणत होते. दीड वर्षापूर्वी कारखाना बंद झाला आणि मी घरी आलो. मग मुलीने हट्टाने कान तपासायला नेलं. मशीन लावून बाहेर आलो तर रस्त्यावर इतके बारीक बारीक आवाज होते की मी एका ओट्यावर बसून राहिलो. लेकीला वाटलं, बाबांना आनंद झाला.

गेल्या महिन्यात कैलाशचा फोन आला. चार वर्षांत पहिला. "भिया, एक काम था. मिलोगे?"

बेटम्याच्या अलीकडे ट्रक तोलायचा मोठा काटा आहे, तिथे तो खिडकीत बसून वजनाच्या पावत्या लिहितो. डाव्या हाताने लिहायला शिकलाय. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. त्याने चहा मागवला आणि मी बसल्यावर माझ्या कानाकडे बघितलं.

"ये कब लगवाई?"

"पिछले साल."

"और तकलीफ कब से थी?"

मी म्हटलं, "थोड़े दिन से. उमर का है."

त्याने पावतीपुस्तक जवळ ओढलं. बाहेर सोयाबीनचा ट्रक काट्यावर चढत होता. मग म्हणाला, "अपन तो रोज साथ बैठते थे. मेरे को पता नी चला." त्याच्या आवाजात संशय नव्हता. आपलं लक्ष नव्हतं याची खंत होती. मला ते जास्त लागलं.

काम असं होतं. पीथमपूरला एक नवी कंपनी अशाच धाग्याच्या वस्तू बनवायला लागली आहे. त्यांना नव्या पोरांना थर लावायला शिकवणारा माणूस हवाय. स्वतः हाताने फार करायचं नाही, उभं राहून दाखवायचं, चुका पकडायच्या. कैलाशची त्यांनी परीक्षा घेतली, त्यांना तो पसंत आहे. पण आमच्या कारखान्याचा तो कागद त्यांच्यापर्यंत पोचला आहे.

"गलती हुई होगी मेरे हाथ से, वो मैं मानता हूँ," कैलाश म्हणाला. "सूखा रह गया होगा. पर ढकने वाला आदमी मैं नी हूँ. जिसने ढका, उसको बच्चे सिखाने को कौन रखेगा? तुम बस इतना लिख दो."

मी तिथेच, त्याच्याच पेनाने, हिंदीत लिहून दिलं. कैलाश कष्टाळू आहे, सचोटीचा आहे, त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही, वगैरे. पान भरलं. त्याने ते सावकाश वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "बहुत अच्छा लिखा भिया." झाकण्याबद्दल त्यात काही नव्हतं. त्याच्या ते लक्षात आलं असणार. त्याने परत विचारलं नाही.

चार दिवसांनी त्या कंपनीच्या मॅनेजरचा मला फोन आला. मराठी होता, पुण्याकडचा. सरळ बोलला. "तुमचं पत्र छान आहे, पण चौकशीच्या कागदावरही तुमचीच सही आहे. दोन्ही कशी खरी धरायची? या माणसाने दोष झाकला होता की नाही, एवढं सांगा. आम्ही दिवाळीनंतर नेमणूक करणार आहोत."

मी म्हटलं, "लेखी कळवतो."

अजून कळवलेलं नाही. कागद घेऊन बसतो आणि पहिल्या ओळीला अडतो, कारण पहिली ओळ माझ्याबद्दलची आहे. हा लेख मात्र एका बैठकीत झाला. तो का झाला तेही सांगून टाकतो. कैलाश मराठी समजतो, आमच्यात राहून थोडी बोलतोही, पण वाचत नाही. हा अंक मंडळाच्या लोकांत फिरेल, बेटम्याला जाणार नाही. तुम्ही वाचाल, कोणी मला वाईट म्हणाल, कोणी धीट म्हणाल, आणि त्याचं काही बदलणार नाही. लिहायला घेतलं तेव्हा हे मला माहीत होतं.

कैलाशने काही झाकलं नव्हतं. ती पट्टी वाजत होती, मला ऐकू आली नाही, आणि तरी मी सही केली. हे त्याच्यासमोर बसून, त्याच्या बोलीत सांगणं आणि सही करून त्या कंपनीला देणं, माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.